खाली प्रश्न नसलेली पुस्तकं

मला क्षय झाला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. टोकावड्यापासून आत, आमच्या गावच्या अंगणवाडीत सेविका होते. माझी मुलगी अश्विनी तेव्हा तिसरीत होती. आम्ही तिला आशू म्हणतो.

आता मी बरी आहे. हे सगळं लिहून काढायला मला आमच्या नर्सबाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "गोळ्या कशा घ्यायच्या ते मी सांगते सगळ्यांना. पण पोरांपासून लांब कसं राहायचं, ते मला सांगता येत नाही. ते तू लिही."

मलाही ते नीट सांगता येईल असं नाही. झालं तसं लिहिते.

डबी

खोकला लावणीच्या दिवसांतच लागला होता. अंगणवाडीची चूल, ओली लाकडं, धूर, त्याचाच असेल असं मी म्हणत राहिले. संध्याकाळी अंग गरम व्हायचं. ब्लाऊज सैल झाले. सासूबाई म्हणाल्या, "खातेस तं काय, चिमणीवानी." मी हसून घालवलं. दीड महिना असाच गेला. शेवटी नर्सबाईंनीच हातात थुंकीची डबी दिली आणि मुरबाडला तपासायला पाठवलं.

निकाल घ्यायला मी एकटीच गेले. आमच्या ह्यांची एमआयडीसीत पहिली पाळी होती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "टीबी आहे. सहा महिने औषध घ्यायचं. पूर्ण बरा होतो."

मला पहिलेच दोन शब्द ऐकू आले. पुढचं ते बोलत होते आणि मी त्यांच्या टेबलावरचा काचेचा गोळा बघत होते. मग एकदम आठवलं आणि मी म्हणाले, "साहेब, माझ्याकडं अंगणवाडीत बावीस पोरं हायत. मांडीवर बसतात."

"त्यांनाही तपासू," ते म्हणाले. "घरात लहान कोण आहे?"

"मुलगी. आठ वर्षांची."

"तिलाही आणा."

परतीच्या एसटीत मी खिडकीला तोंड लावून बसले. पदर तोंडावर घट्ट धरला होता. माझ्या शेजारी एक बाई तान्हं पोर घेऊन बसली, तेव्हा मी उठून मागे उभी राहिले. तिला वाटलं मी जागा दिली. ती म्हणाली, "बसा की हो." मी मान हलवली.

घरी आले तर आशू नेहमीसारखी धावत आली. मी हात पुढे केला आणि म्हणाले, "थांब." ती थांबली. पाय मागे-पुढे करत उभी राहिली. तिला वाटलं, माझ्या हातात तिच्यासाठी काहीतरी आहे आणि ते मी आधी दाखवणार आहे.

अंगणवाडीतली सगळी पोरं तपासली. आशूही तपासली. कुणालाच काही निघालं नाही. तो दिवस मी देवाच्या पाया पडण्यात घालवला, आणि मला दुसरं काही मागायचं सुचलं नाही.

शहापूर

आशूला शहापूरला माझ्या भावाकडे, दिलीपकडे पाठवायचं हे सासूबाईंनी ठरवलं. मला त्यांचा राग आला, पण माझ्याही मनात तेच होतं. दिलीप शहापूरला कचेरीत कामाला. त्याची बायको संगीता, आणि त्यांचा वर्षाचा मुलगा. दोन खोल्यांचं घर. त्यात त्यांनी माझी मुलगी ठेवून घेतली. पुढे संगीताबद्दल मी जे लिहिणार आहे ते वाचताना एवढं लक्षात ठेवा.

दिलीप तिला न्यायला रविवारी आला. आशूने दप्तर पाठीला लावलं, हातात कपड्यांची पिशवी. तिने विचारलं, "किती दिवस?"

"दिवाळीपत्तुर," मी म्हणाले.

सहा महिन्यांचं औषध होतं आणि दिवाळीला तीन महिनेसुद्धा नव्हते. मला हिशेब येत नव्हता असं नाही.

ती गेली त्याच आठवड्यात खोकल्यातून रक्त पडलं. मला मुरबाडच्या दवाखान्यात बारा दिवस ठेवलं. सकाळी फिनेल, मग चहा-पाव, मग गोळ्यांची ट्रॉली. लाल गोळी घेतली की लघवी शेंदरी व्हायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं आता आतून सगळंच वाहून चाललं. सिस्टर म्हणाली, "औषधाचा रंग आहे तो. घाबरू नको. रंग दिसतोय म्हणजे औषध चाललंय." कुणी तुम्हाला आधी सांगितलं नसेल तर मी सांगून ठेवते.

वॉर्डाच्या खिडकीतून शाळेत जाणारी पोरं दिसायची. निळे स्कर्ट, दोन वेण्या, लाल रिबिनी. सगळ्याच मुली मागून आशूसारख्या दिसायच्या.

कोल्ह्याची नोकरी

घरी आले तेव्हा पडवीत माझी खाट टाकलेली होती. ताट वेगळं, तांब्या वेगळा, गोधडी वेगळी. सासूबाई जेवण आणून उंबऱ्यावर ठेवायच्या आणि आत जाऊन मग हाक मारायच्या. शेजारणी वाट बदलून विहिरीवर जायला लागल्या. एक दिवसाआड नर्सबाई यायच्या आणि त्यांच्यासमोर गोळ्या घ्यायच्या. तेवढंच माणूस जवळ येऊन बसायचं.

ह्यांची सुट्टी शुक्रवारी. दर शुक्रवारी हे मुरबाडवरून शहापूरला जायचे, आशूला भेटायचे आणि संध्याकाळपर्यंत परत यायचे. मी दुपारपासून वाटेकडे डोळे लावून असायची.

"कशी हाय?"

"बरी हाय."

"काय बोलली?"

"काय नाय. शाळेत जाते."

"जेवते का?"

"जेवते की."

ह्यांच्याकडून एवढंच निघायचं. वाईट नाहीत, पण बोलणं हे त्यांचं काम नाही. तिने कोणता फ्रॉक घातला होता, केस कुणी विंचरले होते, दात पडला होता तो आला का, हे मला हवं असायचं. हे म्हणायचे, "बघितलं नाय."

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी ह्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. जुनं, कोपरे मऊ झालेलं, आत वाचनालयाचा शिक्का. त्यात वहीचा कागद होता. आशूचं अक्षर:

'आये, मामा मला लायब्ररीत नेतो. इथे मुलांची पुस्तके आहेत. तुला पडवीत करमत नसेल म्हणून पाठवते. पाचव्या पानावर खूप मजा आहे. पुढच्या शुक्रवारी परत दे.'

एका म्हाताऱ्या कोल्ह्याची गोष्ट होती. त्याचे दात पडलेले असतात, शिकार होत नाही, म्हणून तो कोंबड्यांच्या खुराड्यावर राखणदाराची नोकरी धरतो. कोंबड्या त्याची मुलाखत घेतात. पाचव्या पानावर सगळ्यात म्हातारी कोंबडी त्याला विचारते, आधीच्या ठिकाणी किती वर्षं होता, आणि तिथली नोकरी का सोडली.

मी हसले आणि मला खोकल्याची उबळ आली. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय झालं गो?" मी म्हणाले, "काय नाय, कोल्हा."

गोष्ट संपली तर मी पान उलटून बघितलं. खाली प्रश्न नव्हते. 'एका वाक्यात उत्तरे लिहा' नव्हतं, जोड्या लावा नव्हतं. मी पुढचं पानही बघितलं. तिथे दुसरी गोष्टच सुरू झाली होती.

आमच्या घरात पुस्तक म्हणजे शाळेचं पुस्तक. ते चुलतभावाचं वापरून झालं की मला, माझं झालं की दिलीपला. शाळेतून आलं की मी वासरं घेऊन डोंगराच्या पायथ्याला जायची. दहावी झाले, लग्न झालं, अंगणवाडीत लागले. पोरांना गाणी शिकवली, तीही ट्रेनिंगमध्ये दिलेली. नुसती मजा म्हणून कुणीतरी मुलांसाठी अख्खं पुस्तक लिहितं, हे मला एकतिसाव्या वर्षी पडवीत कळलं. ते पुस्तक मी तीनदा वाचलं. मला आनंद झाला होता, आणि त्याच्या तळाशी काहीतरी दुखत होतं. पुस्तकाच्या कडा इतक्या मऊ झाल्या होत्या म्हणजे माझ्या वयाच्या कितीतरी जणींनी ते योग्य वेळी वाचलं होतं. तेव्हा मी कुठे होते?

मी आशूला चिठ्ठी लिहिली. कोल्ह्याला शेवटी पगार काय द्यायचा यावरून कोंबड्या भांडतात, ते मला जास्त आवडलं असं लिहिलं. पुढच्या शुक्रवारी उत्तर आलं: 'ते मला कळले नव्हते. परत वाचले. आता कळले.'

आठ वर्षांच्या मुलीला मी काहीतरी दिलं होतं. हात न लावता.

घोडा

मग दर शुक्रवारी पुस्तक यायला लागलं. आमचा नियम आशूने घालून दिला, शेवट सांगायचा नाही. आधी ती वाचायची, मग मी. कुठे कुठे तिने पेन्सिलीने इतकी बारीक टिंबं केली होती की लायब्ररीवाल्याला दिसू नयेत. टिंब दिसलं की मी थांबायची. इथे तिला हसू आलं असेल. इथे भीती वाटली असेल. एका ठिकाणी टिंबच पुसलेलं होतं, आणि मी तो परिच्छेद चारदा वाचूनही मला कळलं नाही की तिथे तिला काय झालं असेल.

ह्यांनी कारखान्यात एका क्लार्कला पुस्तकाबद्दल सांगितलं. तो म्हणाला, हे तर आम्ही लहानपणीच वाचलं, सगळ्यांच्याच घरात असायचं. ह्यांनी ते मला तसंच येऊन सांगितलं. मी म्हणाले, "सगळ्यांच्या म्हंजे कुणाच्या?" ह्यांनी चप्पल काढली आणि पाय धुवायला गेले.

दिवाळीच्या आधी एक जाड पुस्तक आलं. दोन भागांचं होतं, त्यातला पहिला भाग. कुठल्यातरी बर्फाच्या डोंगरातल्या गावची गोष्ट. एका मुलाचा घोडा त्याचा बाप विकून टाकतो. घोडा कोळशाच्या खाणीत ओढकामाला गेलाय एवढंच मुलाला कळतं, कुठल्या खाणीत ते कळत नाही. मुलगा पायी निघतो. गावागावांतून विचारत जातो. पहिल्या भागाच्या शेवटी तो एका खाणीच्या तोंडाशी पोचतो, आणि तिथला माणूस म्हणतो, असा घोडा इथे होता.

'होता' वर भाग संपला होता.

नर्सबाई गोळ्या द्यायला आल्या तेव्हा त्यांनी ते पुस्तक उशाशी बघितलं. उचलून हातात घेतलं. त्या नाशिककडच्या, शिक्षकाची मुलगी. "अगं, हे मी सहावीत असताना वाचलेलं. रडून रडून डोळे सुजले होते माझे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगू का शेवट?"

"नको," मी म्हणाले.

"नक्की?"

"आशूला मी शब्द दिलाय."

त्याच सुमाराला थुंकीची दुसरी तपासणी झाली. जंतू गेले होते. नर्सबाई म्हणाल्या, "आता तुझ्यापासून कुणाला धोका नाही. मुलीला जवळ घेतलंस तरी चालेल." मी ते वाक्य ह्यांच्या तोंडून शहापूरला पाठवलं.

दिवाळी

भाऊबीजेला दिलीप, संगीता आणि आशू आले. त्यांचा छोटा पोरगा संगीताने आईकडे ठेवला होता.

आशू उंच झाली होती. केस कापले होते. अंगणात तुळशीपाशी येऊन ती उभी राहिली, आणि संगीताने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी पडवीत होते. मधे सात-आठ पावलं असतील.

"ये ना," मी म्हणाले.

आशूने मामीकडे बघितलं. संगीता म्हणाली, "ताई, राग नका मानू. सहा महिने पुरे होऊंद्या. माझ्या घरात लहान हाय."

"नर्सबाईंनी सांगितलंय, आता चालतं."

"त्या सांगतील. त्यांचं पोर नाय ना, माझं हाय घरात."

दिलीप खाली बघत होता. आशू तिथूनच म्हणाली, "आई, तू खाणीपर्यंत आलीस का?"

ती आई म्हणाली. आये नाही. तीन महिन्यांत शहापूरच्या शाळेने तेवढं बदललं होतं. मी म्हणाले, "आले. दुसरा भाग कवा पाठवतेस?"

"माझा वाचून झाला. शुक्रवारी बाबांकडे देते."

एवढं बोलताना मला ढास लागली. आजार नव्हता तो, नुसती ढास, पण संगीताने बघितलं की पुस्तक माझ्या मांडीवर उघडं आहे आणि मी त्याच्यावर खोकतेय. तिचा चेहरा उतरला. ती हळूच दिलीपला म्हणाली, "हीच पुस्तकं आपल्या घरात येतात?"

शुक्रवारी हे रिकाम्या हाताने आले. "संगीता म्हंते पुस्तकं बंद. जंतू येतात."

"पुस्तकातून येत नाय. खोकल्यातून हवेत जातात, तसे पसरतात. नर्सबाईंनी शंभरदा सांगितलंय."

"मी सांगितलं तिला. नाय पटलं."

चिठ्ठी होती. 'मामी नको म्हणते. तू रडू नकोस. शेवट मी सांगणार नाही, तू पूर्ण वाचशील तेव्हाच.'

खोटं

इथून पुढचं मी आपणहून कुणाला सांगितलं नव्हतं. आजारी असलेल्या माणसाने हे वाचावं म्हणूनच लिहितेय.

दोन महिन्यांनंतर औषधाची पद्धत बदलली होती. आठवड्याची पहिली गोळी नर्सबाईंसमोर, बाकीच्या घरी आपल्या आपण घ्यायच्या आणि रिकामं पाकीट परत द्यायचं. खोकला जवळजवळ गेला होता. अंगात जोर आला होता. आणि गोळ्या घेतल्या की दिवसभर मळमळायचं, भाताचा वास नको व्हायचा. मी घरच्या गोळ्या सोडून दिल्या. पाकिटातून काढायची आणि परसात शेवग्याच्या बुंध्याशी मातीत दाबायची.

मळमळ हे अर्धंच कारण. खरं कारण असं की मला कशाचीच वाट बघायची उरली नव्हती. शुक्रवार येऊन जायचा. "कशी हाय?" "बरी हाय." मुलगी दुसऱ्याच्या घरात मोठी होत होती, दुसरीच्या हातचं जेवत होती, दुसरीच्या बोलीत बोलत होती. बरं होऊनही ती तुळशीपाशीच उभी राहणार असेल तर बरं कशाला व्हायचं, असं मनात यायचं. असं मनात येतं. ते आलं तर तुम्ही वाईट आई ठरत नाही. पण तेव्हा कुणालातरी सांगा. मी सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात नर्सबाई आल्या. मी रिकामं पाकीट दिलं. त्यांनी ते पिशवीत टाकलं आणि सहज विचारलं, "लघवीला रंग कसाय?"

"पिवळी," मी म्हणाले.

त्यांनी मग पाकीट पुन्हा बाहेर काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "ह्यातली लाल गोळी घेतली असतीस तर शेंदरी झाली असती. कुठे टाकल्यास?"

मी शेवग्याकडे बघितलं.

मला वाटलं त्या ओरडतील. त्या खाटेवर बसल्या, माझ्या अगदी जवळ, आणि हळू बोलल्या. "सुनंदा, अर्ध्यात सोडलेला टीबी परत येतो ना, तो पहिल्यासारखा नसतो. ह्याच गोळ्यांना मग तो भीत नाही. इंजेक्शनं लागतात, वर्ष जातं, आणि तरीही सांगता येत नाही. माझ्या हातातून एक बाई गेलीय अशी. तुझ्याच वयाची."

मी म्हणाले, "मुलगी येत नाय जवळ."

"म्हणून?"

मी गोधडीचा सुटलेला दोरा ओढत राहिले.

"शेवट अजून वाचला नाहीस ना?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. "मग आज मी सांगतच नाही. तुला कितीही वाटलं तरी."

त्यांनी पर्समधून गोळ्या काढल्या, पाणी दिलं, मी घेतल्या. मुरबाडच्या डॉक्टरांना विचारून पुन्हा थुंकी तपासली. नशीब, जंतू परतले नव्हते. बुडालेले डोस पुढे जोडून दिले आणि त्या दिवसापासून पुन्हा दिवसाआड येऊन समोर बसून गोळ्या द्यायला लागल्या, तसं करायची गरज नसतानाही. घरी ह्यांना त्यांनीच सांगितलं. हे त्या दिवशी जेवले नाहीत. शुक्रवारी शहापूरला गेले ते नेहमीपेक्षा उशिरा आले आणि तसेच झोपले.

चहा

त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी अंगणात संगीता उभी. एकटी. शहापूरहून दोन एसट्या बदलून आलेली. हातात कापडी पिशवी.

मी पडवीत बसले होते. ती उन्हात उभी होती, तिला बस म्हणायचंही मला धाडस झालं नाही.

ती म्हणाली, "दाजी आले होते. घरात येऊन बसले आणि पोरीसमोर रडले. मी दाजींना कधी बोलतानासुद्धा नीट बघितलं नाय."

मला हे माहीत नव्हतं.

"तुमी गोळ्या टाकल्या?"

"टाकल्या."

"पुस्तकं बंद केली म्हणून?"

"नाय," मी म्हणाले. मग म्हणाले, "थोडं त्याच्यासाठीच."

ती आत आली. माझ्या खाटेशेजारी जमिनीवर बसली. पिशवीतून दुसरा भाग काढला. "आशूनं मला वाचायला लावला. म्हणाली, मामी, तू वाच, मग ठरव द्यायचा का नाय. पोराला निजवून वाचत बसायची. मी आठवीत शाळा सोडली ताई, एवढं जाड पुस्तक पहिल्यांदाच." ती पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. "त्या पोराला लोक सांगतात ना, परत जा, घोडा बिडा मिळणार नाय. ते वाचताना मला माझीच लाज वाटली."

सासूबाईंनी चहा आणला. कुणाचा कप कुठला याची त्यांना सवय झाली होती, त्यांनी माझा वेगळा कप बाजूला ठेवला आणि संगीताला कपबशीत दिला. संगीता म्हणाली, "आत्या, कपबश्या सारख्याच आणा." आणि माझ्या शेजारी बसून प्याली. पहिल्या घोटाआधी तिने कपाकडे नीट बघून घेतलं होतं. तिला भीती वाटत होती आणि तरी ती पीत होती. त्या दुपारी मला पुस्तकापेक्षाही तो चहा मोठा वाटला.

जाताना ती म्हणाली, "परीक्षेपत्तुर राहूंद्या तिला. मधेच शाळा नको तोडायला."

मी हो म्हणाले. तिचं बरोबर होतं. बरोबर असलेल्या गोष्टीनेही जीव तुटतो.

दुसरा भाग मी चार दिवस पुरवला. घोडा सापडतो. आशूशी पत्रातून माझं भांडण झालं, तिचं म्हणणं की मुलाने घोड्याला परत डोंगरात न्यायला नको होतं, घोड्याला कुणी विचारलंच नाही. मी तीन पानं लिहून तिला समजावलं. तिने एक ओळ लिहिली: 'तू मोठी आहेस म्हणून तुला तसे वाटते.' नर्सबाई आशूच्या बाजूने होत्या. संगीता माझ्या. तो हिवाळा आम्ही चौघी त्या घोड्यावरून भांडलो, आणि माझं औषध संपलं.

मे महिना

शेवटची तपासणी स्वच्छ निघाली. कार्डावर 'उपचार पूर्ण' असा शिक्का बसला. मी अंगणवाडीत परत गेले. पहिल्या दिवशी नऊच पोरं आली. पंधरा दिवसांनी सगळी आली. मी त्यांना कोल्ह्याची गोष्ट सांगितली.

आशू मे महिन्यात घरी आली. दप्तर, पिशवी आणि दिलीपने घेऊन दिलेली सॅंडल.

ती जवळ आली नाही. रुसलेली नव्हती. तिला नऊ महिने सगळ्यांनी जे शिकवलं ते ती करत होती. जेवताना स्वतःचं पाण्याचं भांडं उचलून लांब ठेवायची. मी खोकले, साध्या धुळीनेसुद्धा, तर श्वास धरायची. गाल फुगलेले दिसायचे. झोपायला आजीच्या कुशीत. मी तिला बोलावलं नाही. नर्सबाई म्हणाल्या होत्या, ओढू नकोस. मी ओढलं नाही, पण ती निजली की जाऊन तिच्या सॅंडल हातात घेऊन बसायची.

एका दुपारी मी ओटीवर तांदूळ निवडत होते. ती दाराशी बसून वाचत होती. सुट्टीसाठी लायब्ररीतून आणलेलं नवीन पुस्तक, मी न वाचलेलं. वाचता वाचता ती हसली.

"काय गो?" मी विचारलं.

"काही नाही. इथे एक माकड आहे, ते पोस्टात काम करतं."

"आणि?"

"थांब, सांगता नाही येणार. वाचावं लागेल." ती पुन्हा हसली. मग पुस्तक घेऊन उठली, सूप एका हाताने बाजूला सारलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. आधी मधे वीतभर जागा होती. अक्षर बारीक होतं. तिला दिसायला हवं होतं आणि मलाही दिसायला हवं होतं, म्हणून ती सरकली, आणि तिचं डोकं माझ्या दंडाला टेकलं. केसांना खोबरेल तेलाचा वास होता. मी श्वास हळू घेतला, हात होता तिथेच ठेवला.

तिचं पान वाचून झालं. तिने पानाचा कोपरा चिमटीत धरला आणि मान वर न करता विचारलं, "झालं तुझं?"

"नाय अजून," मी म्हणाले.

ती थांबली. माझं केव्हाच झालं होतं.